वेल हिरवा असेपर्यंत

माझ्या गाळ्याच्या मागच्या खिडकीतून डोंगर दिसतो. पालीत देवळाच्या रस्त्याला हा गाळा घेतला तेव्हा मालक म्हणाला, मागे खिडकी आहे, व्ह्यू आहे, त्याचे वेगळे पडतील. मी म्हटलं, त्या डोंगरावर जन्मलोय मी, मलाच व्ह्यू विकतोस? खिडकी फुकटात पडली. वर्षभर तिचा वारा छान लागतो. पण यंदा भाद्रपद लागल्यापासून मी तिच्याकडे पाठ करून बसतो.

कारण या दिवसांत वेल चढलेले असतात. पाऊस मधूनच येतो, मधूनच ऊन पडतं, गवत छातीपर्यंत आलेलं असतं, तेरड्याने उतार गुलाबी झालेले असतात. देवळात चतुर्थीची गर्दी, रस्त्यावर नारळ, फुलं, भजी, हॉर्न. माझ्या गाळ्यावर मध, शिकेकाई, रानभाज्या. मुंबईचं गिऱ्हाईक विचारतं, "शेठ, ते डोंगरातले कंद नाही का ठेवलेत?" आणि नाव घेऊन विचारतं, मोठ्याने. मी म्हणतो, दिवाळीनंतर या. ते म्हणतात, शेजारी तर मिळतात. मी म्हणतो, मग शेजारी घ्या, आणि उभे राहू नका इथे. माझं डोकं लवकर फिरतं, हे सगळ्या बाजाराला माहीत आहे. का फिरतं ते मात्र कोणी विचारलेलं नाही.

आम्ही कातकरी. इतर वाड्यांचं मी सांगत नाही, पण आमच्या वाडीत एक रीत आहे. जमिनीखाली जे जे खाण्यासारखं वाढतं, त्याचा वेल हिरवा असेपर्यंत त्याचं नाव घ्यायचं नाही. आमच्या बोलीत नाही, मराठीत नाही, कुठल्याच भाषेत नाही. त्याच्याकडे बोट दाखवायचं नाही. बोलायचीच वेळ आली तर 'ते' म्हणायचं, 'खालचं' म्हणायचं. नाव कानावर गेलं की ते खोल जातं. मग कार्तिकात कितीही खणा, हाताला माती लागते. पालीच्या बाजारात कोणी नाव घेतलं तर एक वेळ चालतं, पण डोंगर दिसतो तिथे चालत नाही. मी हे लिहितोय तोही भाद्रपदच आहे आणि खिडकी उघडी आहे, म्हणून इथे एकाही कंदाचं नाव सापडणार नाही. ज्याला हवं त्याने दिवाळीनंतर येऊन विचारावं.

आणि चुकून कोणाच्या तोंडून नाव निघालंच, तर सगळ्यांनी तळहात जमिनीवर टेकायचा आणि दाबून धरायचा. जमिनीचा कान झाकायचा. माझ्याकडून ही चूक सहाव्या-सातव्या वर्षी झाली. आईबरोबर गवतातून चाललो होतो, बदामासारख्या पानांचा वेल ओळखता आला म्हणून आनंदाने ओरडलो. आईने मला मारलं नाही. माझं मनगट धरलं, हात खाली दाबला आणि स्वतःचाही शेजारी ठेवला. पाऊस नुकताच थांबला होता. पानांवरून थेंब पडत होते, तेही पडायचे थांबले. वरून सगळं चिंब होतं, माझे गुडघे गारठले होते. हाताखालची माती मात्र गरम होती, झोपलेल्या जनावराच्या पोटासारखी. आई ओठ मिटून समोर बघत होती. थोड्या वेळाने तिने हात सोडला तसा पुन्हा थेंबांचा आवाज सुरू झाला.

हे मी कोणाला पटवायला सांगत नाही. कंद वाढायच्या दिवसांत कोणी त्याच्या वाटेला जाऊ नये म्हणून जुन्या माणसांनी केलेली युक्ती असेल, एवढं मलाही कळतं. पण ती माती गरम होती.

आश्रमशाळेत गेलो तेव्हा गुरुजींनी फळ्यावर पक्षी काढून विचारलं, हे काय? मला येत होतं. मी आमच्या बोलीत सांगितलं आणि वर्ग हसला. तो पक्षी घरटं कुठे करतो, अंडी कधी घालतो, सगळं मला माहीत होतं, आणि शेरा मिळाला 'मंद'. तेव्हा ठरवलं की यांची भाषा यांच्यापेक्षा चांगली बोलायची. मराठी मी भांडायला शिकलो. पहिली दहा वर्षं टोपलीत रानभाज्या घेऊन बसलो, मग हातगाडी, मग गाळा, मग टेम्पो. आता आठवड्यातून एकदा माल घेऊन रेवदंडा, अलिबागपर्यंत जातो. समोरचा किती वेळ अडून बसेल हे मला त्याच्या बसण्यावरून कळतं. फक्त घरचं बोलायला कोणी उरलं नाही म्हणून बोली जिभेवरून उतरत गेली, ते कळायला वेळ लागला.

म्हणून वाडीवरच्या शाळेत थळच्या बाई आल्या आणि म्हणाल्या की परिसर अभ्यास मुलांना त्यांच्याच बोलीत शिकवायचा, तेव्हा मला आधी रागच आला. आता सुचलं? माझ्या वेळेला कुठे होतात? बाई हसल्या. "तुमच्या वेळेला मी जन्मले नव्हते, शेठ." त्यांना सगळे थळच्या बाईच म्हणत. घर थळला, अलिबागजवळ समुद्रावर, वडिलांची होडी. आठवडाभर वाडीवर राहायच्या, शनिवारी खाली उतरायच्या.

चैत्र-वैशाखात त्या माझ्या आत्याकडे बसल्या. जानीआत्या वाडीतली सगळ्यात म्हातारी. तेव्हा वेल वाळून गेलेले असतात, नावं घ्यायला मोकळीक असते. पोरं एकेक पान, बी, साल, पीस, मुळी आणून ठेवायची, आत्या नाव सांगायची, बाई वहीत लिहायच्या आणि फोनवर आवाज भरून घ्यायच्या. कंदांच्या वेळी मात्र आत्या प्रत्येक नावानंतर थांबायची. बराच वेळ.

बाईंनी विचारलं, "आठवत नाही का, आत्या?"

"आठवाया न्हाय थांबत," आत्या म्हणाली. "जाऊ देते."

"काय जाऊ देता?"

आत्याने त्यांच्याकडे लहान पोरीकडे बघावं तसं बघितलं आणि पुढचं नाव सांगितलं.

त्या उन्हाळ्यात शाळेच्या भिंती तक्त्यांनी भरल्या. झाडं, पक्षी, खेकडे, ओढ्यातले मासे, जमिनीखालचं अन्न, कोणतं पान कधी तोडायचं आणि कधी नाही. सगळं आमच्या बोलीत, देवनागरीत. माझ्या बहिणीची मुलगी सुमी तेव्हा चौथीत जाणार होती. मला तिने एकेक तक्ता वाचून दाखवला. निम्मे शब्द मी विसरलो होतो. ऐकताना तोंडाला चव यायची, पण कशाची ते आठवायचं नाही.

मग पावसाच्या तोंडावर बातमी आली की अकरा मुलांची शाळा चालवणं परवडत नाही, खालच्या गावच्या शाळेला जोडणार. बाईंनी अर्ज केला की बोलीतल्या शिक्षणाचा प्रयोग चालू आहे, आधी तो बघा. श्रावण सरता सरता तालुक्याच्या शिक्षण ऑफिसात तपासणीची तारीख ठरवायची होती. बाई म्हणाल्या, मी जाते. मी म्हटलं, बाई, तुम्ही पोरं शिकवा, घासाघीस माझं काम आहे.

साहेब बसायला सांगणारे होते. इस्त्रीचा शर्ट, गोड आवाज. म्हणाले, "असं करू, दिवाळीनंतर येतो मी. निवांत बघू."

'निवांत' हा शब्द कोणी काढला की माझे कान उभे राहतात. दिवाळीपर्यंत टाळायचं, तोवर ऑर्डर काढायची, मग म्हणायचं उशीर झाला. असे डाव मी रोज बघतो. मी टेबलावर हात आपटला. म्हटलं, "साहेब, आमचा माल तयार आहे. बघायचा तर आता बघा. जमिनीखालच्या अन्नाचा धडा असा आहे की तुमच्या पुस्तकात सापडणार नाही. पंधरा दिवसांत या." साहेब न्हाय-व्हय करत राहिले, मी खुर्ची सोडली नाही. शेवटी त्यांनी डायरी उघडली आणि भाद्रपदातला एक शुक्रवार दिला.

जिंकून आलो असं वाटत होतं. पेढे घेऊन वाडीवर चढलो, शाळेच्या ओट्यावर सगळ्यांना जमवलं आणि तारीख सांगितली. पेढ्याला कोणी हात लावला नाही. धुकं खालून वर येत होतं, माणसांचे पाय दिसेनासे झाले होते. शाळेमागच्या कुंपणावर वेल चढून हिरवागार झाला होता. त्याच्याकडे कोणी बघत नव्हतं, म्हणून मी बघितलं.

वीस वर्षं खाली राहून मी भाद्रपद विसरलो होतो.

बाई हळूच म्हणाल्या, "शेठ, तो धडा मी दिवाळीनंतर ठेवला होता." मी गुरकावलो, तुम्हाला पण हे खुळ पटतं का? त्या म्हणाल्या, "आमच्याकरं पन नारली पुनवेच्या आधी कोन होरी टाकीत न्हाय. खुल म्हना, काय पन म्हना. माझा बापूस बसून राहतो पन टाकीत न्हाय." मग नेहमीच्या मराठीत म्हणाल्या, "तारीख बदलून घ्या ना. एक फोन करा."

एक फोन. तो मी केला नाही. ठरलेल्या सौद्यातून मागे फिरणारा माणूस पुढच्या वेळी अर्धा होऊन जातो, असं मी आयुष्यभर मानत आलो. त्या साहेबांच्या गोड आवाजापुढे 'दिवाळीनंतरच या' म्हणायचं म्हणजे थुंकलेलं चाटायचं. मी आत्याकडे गेलो.

"एका दिवसापुरतं, आत्या. पोरांनी पाच नावं घेतली की शाळा वाचते."

"मला कशाला इचारतोस?" ती चुलीत फुंकर घालत म्हणाली. "डोंगराला इचार. तू भाव करनारा ना? कर भाव."

"थट्टा नको."

"थट्टा कुठं? तुज्या आवाजाला साहेब भितो, डोंगर बी भील."

त्या दिवशी उतरताना घाटातल्या वळणावर टेम्पो थांबवावा लागला, धुक्यात पुढचं चाक दिसत नव्हतं. दुपारचे तीन वाजले असतील. बाईंनी आवाजाच्या फाइली माझ्याही फोनवर पाठवलेल्या होत्या. निदान मला तरी नावं पाठ असावीत, साहेबांपुढे मीच म्हणून दाखवीन, असा विचार करून मी फाइल लावली. बंद काचा, आणि आत आत्याचा आवाज. एक नाव. मग ती थांबली. मागे उन्हाळ्यातल्या पाखरांचा आवाज होता, तोही थांबला. दुसरं नाव. पुन्हा तीच शांतता, पहिल्यापेक्षा लांब. मी काचेला कान लावला, कारण ती शांतता फोनमधून येत नव्हती, बाहेरून येत होती. ओढ्याचा आवाज बंद झाला होता. भाद्रपदात त्या वळणावर ओढ्याचा आवाज बंद होत नाही, तिथे ओरडून बोलावं लागतं. तिसरं नाव येण्याआधी मी फोन बंद केला. माझा हात आपोआप खाली गेला होता आणि टेम्पोच्या पत्र्यावर दाबून ठेवला होता. पत्र्याचा काय उपयोग? तरी मी तो काढला नाही. किती वेळ गेला माहीत नाही. मग एकदम ओढा सुरू झाला, कोणी दार उघडावं तसा.

शुक्रवारी साहेब वेळेवर आले. ऊन पडलं होतं. मुलांनी छान उत्तरं दिली. पक्षी सांगितले, झाडं सांगितली. अंडी पोटाशी असलेली खेकडीण पकडायची नाही, हे एका पोराने अभिनय करून दाखवलं तेव्हा साहेब मनापासून हसले. मी दारात उभा होतो. मला वाटलं, निभावलं.

मग ते शेवटच्या, भिंतीकडे तोंड करून टांगलेल्या तक्त्याकडे वळले आणि तो त्यांनी सरळ केला. "आणि हा तो तुमचा खास धडा ना?" माझ्याकडे बघून म्हणाले. मीच तर सांगितलं होतं. त्यांनी छडी पहिल्या चित्रावर टेकवली. "हे काय आहे? कोण सांगेल?"

कोणी हात वर केला नाही.

"तू सांग." सुमी उभी राहिली. तिने चित्राकडे बघितलं, मग खिडकीबाहेर कुंपणाकडे, मग माझ्याकडे. ओठ मिटलेले, माझ्या आईसारखे. आदल्या दिवशी मी तिला बाजूला घेऊन दटावलं होतं. ती म्हणाली होती, "मामा, बाकी सगळं सांगंन. त्ये न्हाय." मी विचारलं होतं, शाळा बंद पडली तर? ती म्हणाली होती, "शाळा खाली बी हाय. त्ये खाली गेलं तर कुठनं आनायचं?"

साहेबांनी दुसरं चित्र दाखवलं, तिसरं दाखवलं. अकरा पोरं खाली मान घालून. शेवटी त्यांनी कंटाळून तक्त्यावरचं नाव स्वतःच वाचलं. मोठ्याने, आमच्या बोलीतलं, चुकीच्या जागी जोर देऊन.

अकरा मुलं एकाच वेळी खाली वाकली आणि त्यांनी तळहात फरशीवर दाबले. आवाज झाला नाही. बाईही वाकल्या. मला वाटतं त्यांना स्वतःला कळलंही नसेल. बाहेर ऊन तसंच होतं, पण गवत हलायचं थांबलं. छताच्या पत्र्यावरून पाणी ठिबकत होतं ते थांबलं. साहेबांनी मुलांकडे बघितलं, मग स्वतःच्या बुटांकडे. छडी हातात तशीच. त्यांच्या कपाळावर घाम आला होता. त्या खोलीत उभे असलेले आम्ही दोघंच, ते आणि मी.

"हे काय चाललंय?" त्यांनी मला विचारलं. आवाज गोड राहिला नव्हता.

सांगायला एक वाक्य पुरलं असतं. वेल हिरवा आहे म्हणून मुलं नाव घेत नाहीत, साहेब, हाच तो धडा. तुम्ही ज्याला पर्यावरणाचं शिक्षण म्हणता ते तुमच्या पायापाशी बसलंय, बघा. मराठी माझी पक्की होती. अख्ख्या बाजाराला ऐकू जाईल असं बोलणारा माणूस मी. मला त्या इस्त्रीच्या शर्टापुढे लाज वाटली. अडाणी म्हणतील असं वाटलं. फळ्यावरचा पक्षी आठवला.

मी म्हटलं, "लाजतात, साहेब. मुलं लाजरी आहेत."

सुमीने फरशीवरून मान वर करून माझ्याकडे बघितलं.

अहवालात लिहून आलं की मुलांना स्थानिक घटकांची नावे सांगता येत नाहीत. शाळा खालच्या शाळेला जोडली, बाईंची बदली झाली. त्यानंतर कित्येक महिने मी त्या साहेबांना शिव्या घातल्या. अजून घालतो. त्यांनी एकदा तरी बाईंना का विचारलं नाही, मुलांना का विचारलं नाही? हा राग खरा आहे, मी तो सोडणार नाही. पण रागाला दोन तोंडं असतात, आणि दुसरं तोंड माझ्या दिशेला आहे, हे मी आजवर कुठे बोललो नव्हतो.

त्या कार्तिकात वेल पिवळे पडून वाळले तेव्हा शाळेमागे खणायला माणसं गेली. दरवर्षी कोपरभर खोलीवर हाताला लागतं. या वेळी कमरेएवढं खणलं, मग छातीएवढं. वेलाची मुळी खाली खालीच जात राहिली आणि एका जागी नुसती संपली. डुकरांनी खाल्लं म्हणावं तर माती वरून कुठे उकरलेली नव्हती. बाकी डोंगरावर सगळीकडे मिळालं. शाळेच्या मागेच नाही. खड्ड्यात उतरलेला माणूस वर आला आणि म्हणाला, आत ऊब आहे. आत्या काठावर बसली होती. तिने बोलावं म्हणून मी वाट बघितली. तिने फक्त खड्डा बुजवायला सांगितलं, आणि लवकर.

मागच्या आठवड्यात सुमीची आई पेपर घेऊन गाळ्यावर आली. सुमी आता पाचवीत, खालच्या शाळेत जाते. पहिल्या घटक चाचणीत सगळी उत्तरं बरोबर, आणि एका प्रश्नापुढे कोरी जागा. 'तुमच्या परिसरातील तीन कंदांची नावे लिहा.' मास्तरांनी लाल शाईने विचारलं होतं, 'आदिवासी असून येत नाही?'

मी गाळा शेजाऱ्यावर सोपवून तसाच निघालो. रस्ताभर काय काय बोलायचं ते जुळवत होतो, आणि सगळ्या शिव्याच होत्या. शाळेत पोहोचलो तेव्हा मास्तर व्हरांड्यात मुलांच्या वह्या तपासत बसले होते. तरुण माणूस, घाटावरचा असावा. समोर डोंगर, अर्धा ढगात. मी पेपर पुढे ठेवला आणि तोंड उघडलं, तर शिवी आलीच नाही. मी सगळं सांगितलं. वेल, नाव, तळहात. शुक्रवार. 'लाजतात' हा शब्दसुद्धा सांगितला. सांगताना माझा आवाज मलाच ओळखू येत नव्हता. इतका हळू मी कोणाशी बोललेलो नाही.

मास्तरांनी ऐकून घेतलं. ते डोंगराकडे बघत होते. मग त्यांनी विचारलं, "मग हिला हे कधी विचारू?"

मी म्हटलं, "दिवाळीनंतर. वेल पिवळा पडला की."

त्यांनी लाल शाईतलं वाक्य खोडलं आणि कोऱ्या जागेत पेन्सिलने लिहिलं, 'दिवाळीनंतर विचारणे'. त्यांना नमस्कार करून मी सुमीला टेम्पोत घेतलं. वर सोडायचं होतं. ती माझ्याशी फारशी बोलत नाही, त्या शुक्रवारपासून. घाट सुरू झाला तसं ती म्हणाली, "तुमी सांगितलंत त्यांना?"

"सांगितलं."

"समदं?"

"समदं." हा शब्द माझ्या तोंडून कित्येक वर्षांनी निघाला.

ती खिडकीतून उतारांकडे बघत राहिली. मग म्हणाली, "मामा, गेल्या साली दिवाळी झाली तरी पाऊस गेला न्हवता. येल हिरवाच होता. आत्या म्हनली, थांबा. थांबलो." माझ्याकडे वळून तिने विचारलं, "यंदा तो पिवळाच न्हाय पडला तर?"

मी गिअर बदलला. काच खाली होती, ओढ्याचा आवाज येत होता, आणि मी चढण संपेपर्यंत तो थांबत तर नाही ना म्हणून मोजल्यासारखा ऐकत राहिलो.